टेबलांवर क्लास बसवायच्या आधी पावसातच उरकायची तयारी

ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की गेस्ट हाऊसवाला कोणाचं काही ऐकून घेत नाही, त्यामुळे त्याचा जुना बुकिंगचा डेटाबेस पायथनमध्ये घेऊन टेबलांचे ऑब्जेक्ट करायचे असतील तर तयारी पावसातच करा, चवथीच्या आधी झाली तर उत्तमच, चवथीत गोव्यात कोण काम करतंय. इथे एसक्यूएलअल्केमी, म्हणजे टेबलाच्या ओळी पायथनचे ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारी लायब्ररी, धरून लिहितोय, जँगो हे वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी नावं बदलून वाचा.

बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करूनही बघा, पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

मग क्लास लिहायला लगेच बसू नका, आधी प्रत्येक टेबलाची प्रायमरी की, म्हणजे ज्यावरून प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येते तो कॉलम, शोधा. कीशिवाय क्लास टेबलाशी जोडला (मॅप) जातच नाही, सरळ एरर येतो. जुन्या डेटात बिनकीचं एखादं टेबल निघतंच आणि तिथे लोक पाहुण्याचं नावच की म्हणून धरायला बघतात, अहो, सासष्टीत फर्नांडिस किती आणि फोंड्यात नाईक किती! फोन नंबरही नको, एकाच नंबरावरून घरातले तिघं बुकिंग करतात. सरळ नवा आयडी कॉलम घाला. टेबलाला हात लावायची परवानगीच नसेल तर ज्या कॉलमांनी मिळून ओळ वेगळी ठरते ते मॅपरला, म्हणजे क्लास आणि टेबल जोडणाऱ्या भागाला, की म्हणून सांगता येतात, डेटाबेसात की नसली तरी चालतं, फक्त ती जोडी खरंच युनिक आहे का ते ग्रुप बाय (सारख्या ओळी एकत्र मोजणारी क्वेरी) लावून आधी तपासा.

कॉलमांची नावंही बघून ठेवा. बुकिंगच्या टेबलात 'फ्रॉम' आणि 'टू' असतातच, आणि फ्रॉम हा पायथनचा राखीव शब्द, म्हणजे ॲट्रिब्यूटला (क्लासमधल्या फील्डला) ते नाव देताच येणार नाही. ॲट्रिब्यूट 'चेकइन' ठेवा आणि मॅप्ड कॉलम या फंक्शनला कॉलमचं खरं नाव पहिलं द्या, काम झालं. 'मेटाडेटा' नावाचा कॉलम असेल तरी हेच, ते नाव बेस क्लासने आधीच घेतलेलं असतं.

पैशाचा कॉलम फ्लोट (अंदाजे दशांश) असेल तर न्यूमेरिक (अचूक दशांश) करा, यावर वाद नको. गावाच्या रकान्यात म्हापसा, मापुसा, पणजी, पणजिम असं सगळं कालवलेलं असणार, ते वेगळं गावांचं टेबल करून साफ करा आणि मगच रिलेशनशिप, म्हणजे टेबलांमधली नाती, लिहा. डेटाबेस एसक्यूलाईट असेल तर तो फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) बाय डिफॉल्ट तपासतच नाही, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन चालू करावं लागतं, त्यामुळे खोली कधीच उडवलीय पण तिचं बुकिंग अजून आहे अशा अनाथ ओळी आधी शोधा. पाहुणा डिलीट केला की त्याच्या बुकिंगांचं काय, हेही मालकाला आत्ताच विचारा, कारण कॅस्केड (मुख्य ओळीबरोबर तिला जोडलेल्या ओळीही उडवणं) दिलं नाही तर एसक्यूएलअल्केमी तिथली फॉरेन की नल (रिकामी) करायला जाते आणि कॉलम नॉट नल असेल तर आपटते.

ट्युटोरियल कुठलं वाचताय ते बघा. एसक्यूएलअल्केमी 2.0 जानेवारी 2023 मध्ये आलं, त्यात सिलेक्ट आणि मॅप्ड वापरतात, जुन्या लेखांत सेशन डॉट क्वेरी ही जुनी पद्धत असते. जुनं अजून चालतं, पण एकाच प्रोजेक्टात दोन्हींची खिचडी झाली की पुढच्या माणसाचे हाल. टेबलं पन्नासेक असतील तर एसक्यूएलएकोडजेन या टूलकडून क्लास काढून घ्या, पण आउटपुट वाचा, बिनकीच्या टेबलांना ते क्लास करत नाही, नुसतं टेबल म्हणून ठेवतं.

पहिला रन एको (प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये छापणारी सेटिंग) चालू ठेवूनच करा. तीस खोल्यांच्या यादीत प्रत्येक खोलीची बुकिंगं दाखवली आणि लॉगमध्ये एकतीस क्वेऱ्या दिसल्या, तर ते लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हा वेगळी क्वेरी) आहे, सगळी बुकिंगं एकदम आणणारं सिलेक्टइनलोड लावा, दोनवर येतील. तुमच्या लॅपटॉपवर फरक जाणवणार नाही, डिसेंबरात रिसेप्शनवर रांग लागली की जाणवेल. कमिटनंतर सेशन (डेटाबेसाशी चाललेलं काम) बंद करून तोच ऑब्जेक्ट वाचायला गेलात तर डिटॅच्डचा, म्हणजे सेशनपासून तुटल्याचा, एरर येतो, तेव्हा सेशन कुठे उघडायचं आणि कुठे मिटायचं हे कागदावर ठरवून घ्या.

राहिलं अलेंबिक, म्हणजे टेबलांची रचना बदलणारं टूल. त्याचं ऑटोजनरेट, म्हणजे बदलांची (मायग्रेशनची) फाईल आपोआप लिहिणं, चांगलं आहे पण कॉलमचं नाव बदललंय हे त्याला कळत नाही, ते जुना कॉलम ड्रॉप करून नवा रिकामा घालतं. मायग्रेशनच्या फाईलीत अशी ड्रॉप-ॲडची जोडी दिसली की ती काढा, हाताने रिनेम लिहा आणि मगच अपग्रेड मारा.