बॅटरी बदलताना आणि वॉरंटी निवडताना या चुका टाळा

गाडीने सेल्फ घेणं बंद केलं की अनेक जण सरळ नवी बॅटरी मागवतात. जुनी खरोखर गेली आहे की नुसती उतरली आहे, हे कुणी बघत नाही. नवी बसते, गाडी सुरू होते, विषय मिटतो. काही महिन्यांनी तीच रड पुन्हा सुरू झाली की वॉरंटी कार्डाची शोधाशोध होते, आणि तेव्हा समजतं की बॅटरी ज्या कारणाने बसली ते कारण वॉरंटीत धरलेलंच नाही. वॉरंटी असते ती कारखान्यातल्या दोषाला. गाडीच्या दोषाला नव्हे.

म्हणून ब्रँडची तुलना करण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या. साधं, स्वस्तातलं चालेल.

न मोजता निकाल देणं

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीचे व्होल्ट बघा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ किंवा किंचित वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी खराब असेलच असं नाही. ती आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, काही तास तशीच ठेवा आणि मग परत मोजा. एवढं करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला असेल, तर सहापैकी एक सेल गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक सेल जेमतेम २.१ व्होल्टचा असतो, त्यामुळे एक कमी झाला की हिशेब बरोबर तिथेच येतो.

दुसरी चाचणी सेल्फ मारताना करायची. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. भरलेल्या बॅटरीचे व्होल्ट त्या क्षणी ९.६ च्या खाली घसरत असतील तर बॅटरीत दम उरलेला नाही. उलट व्होल्ट हलतच नाहीत, हेडलाइटही मंद होत नाही आणि तरी इंजिन फिरत नाही, तर स्टार्टर, त्याचा रिले किंवा वायर बघा. आणि हे सगळं करण्याआधी टर्मिनल हाताने हलवून बघायला विसरू नका. सैल क्लॅम्प आणि त्यावर साचलेली पांढरट-निळसर बुरशी, एवढ्याच कारणाने धडधाकट बॅटऱ्या भंगारात गेल्या आहेत. बुरशीवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, ब्रशने घासा, कोरडं करा.

आल्टरनेटर आणि चोरटा खर्च

आल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.७ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२.५ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर टिकून राहिला तर बॅटरीतलं पाणी उकळून चाललंय. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करत असतो, त्यामुळे एका नजरेत निकाल देऊ नका. दिवे आणि पंखा लावून काही मिनिटं आकडा बघत राहा.

यापेक्षा छुपं दुखणं म्हणजे बंद गाडीतली गळती. घड्याळ, अलार्म वगैरेंना थोडा करंट लागतोच. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतं. पण डॅशकॅम, ट्रॅकर, डिकीतला न विझणारा दिवा किंवा घाईत जोडलेला म्युझिक सिस्टम हा आकडा सहज वाढवतो. समजा ०.३ ॲम्पिअर जातोय. दिवसाला ७.२ ॲम्पिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप) झाले. ४५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात कोरडी, आणि गाडी त्याच्या कितीतरी आधी सेल्फ घेणं सोडते. मोजायचं असेल तर मायनसची वायर काढून ती वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्या मध्ये मीटर जोडा, दहा ॲम्पिअरच्या खाचेत, आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. आतले मोड्यूल लगेच झोपत नाहीत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

जम्पर केबलने गाडी सुरू झाली की ‘जरा फिरवून आणतो, भरेल’ हा मोठा लाडका गैरसमज आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी छोट्या फेरीत भरत नाही आणि आल्टरनेटर त्या कामासाठी बनवलेलाही नाही. चार्जरने, बॅटरीच्या ॲम्पिअर-अवरच्या सुमारे एक दशांश करंटने, म्हणजे ४५ ला साधारण साडेचार ॲम्पिअरने दहा-बारा तास द्या. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती खरोखरच जाते.

‘बसते ना? मग चालेल’

नाही चालत. बॅटरीवरच्या आकड्या-अक्षरांत बरंच लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, जपानी पद्धतीच्या ४६-बी-२४-एल या नावात ‘बी’ हा रुंदी-उंचीचा गट, २४ ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू सांगतं. एलच्या जागी आर घेतलीत तर केबल पोहोचणार नाही, किंवा ओढून उलटी जोडली जाईल. उलट जोडणीत मुख्य फ्यूज आणि आल्टरनेटरचे डायोड पहिल्या झटक्यात जाऊ शकतात.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत कंपनीने एजीएम किंवा ईएफबी, म्हणजे वारंवार सेल्फ झेलणारी खास बॅटरी दिलेली असते. तिच्या जागी साधी बसवली की पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण ती लवकर दमते, शिवाय चुकीचा प्रकार म्हणून वॉरंटीचा दावाही फेटाळला जाऊ शकतो. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने कॉम्प्युटरला द्यावी लागते. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी नळी परत जोडली का, ते स्वतः बघा.

थोडी जास्त ॲम्पिअर-अवरची घेतली तर बिघडत नाही, ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे एवढंच. स्टार्टर लागेल तेवढाच करंट ओढतो.

बसवताना

काढताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. कारण साधं आहे: गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लसवरचा पान्हा बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. चार्जिंगमध्ये बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ ठिणगी नको, सिगारेट तर नकोच.

प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो. क्लॅम्प बसत नसेल तर थांबा, तुम्ही बहुधा उलटं जोडताय. हातोडीने ठोकून क्लॅम्प बसवणाऱ्याला तर तिथेच अडवा, आतली जोडणी तुटू शकते. खालची पकडपट्टीही घट्ट हवी. सैल बॅटरी हादऱ्यांनी आतून झिजते, आणि ही पट्टी न लावताच गाडी सोडून देणारे महाभाग कमी नाहीत. बॅटरी काढण्याआधी चावी गाडीत राहिली नाही ना, रेडिओचा कोड माहीत आहे ना, हे बघून घ्या. नंतर काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागू शकतं.

वॉरंटीचा मोठा आकडा

खोक्यावर ठळक छापलेले महिने अनेकदा दोन तुकड्यांचे असतात. पहिल्या तुकड्यात दोष निघाला तर बॅटरी फुकट बदलून मिळते. दुसऱ्या तुकड्यात, ज्याला प्रो-राटा म्हणतात, नव्या बॅटरीच्या किमतीवर फक्त काही टक्के सूट मिळते. ही सूट बहुतेक वेळा छापील किमतीवर असते, आणि तिथेच गंमत आहे. छापील किंमत १०० धरा. जुनी बॅटरी परत देऊन, घासाघीस करून तुम्हाला नवी ७० ला मिळत असेल, तर प्रो-राटाची ३० टक्के सूट घेऊनही तुम्ही ७०च भरणार. हातात शून्य.

म्हणून दोन ब्रँड शेजारी ठेवताना मी प्रो-राटाचे महिने खोडून टाकतो आणि किमतीला फक्त फुकट बदलीच्या महिन्यांनी भागतो. २४ अधिक २४ पेक्षा सरळ ३६ महिन्यांची फुकट बदली कधीही बरी, एकूण बेरीज कमी दिसली तरी. दुसरी कसोटी म्हणजे तुम्ही राहता तिथे त्या ब्रँडची बॅटरी तपासून देणारा माणूस आहे का. कितीही लांबलचक वॉरंटी असली तरी सेवा केंद्र दूर असेल तर बंद गाडी घेऊन तुम्ही जाणार कसे?

लांब वॉरंटी म्हणजे लांब आयुष्य, असंही नाही. बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. थंडी फक्त तिचं दुबळेपण उघडं पाडते. कडक उन्हात, छोट्या-छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत महागडी बॅटरीही लवकर थकते.

बारीक अक्षरांत चार गोष्टी शोधा. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी मिळते की जुनीचीच उरलेली? बहुतेकदा उरलेलीच. टॅक्सी किंवा भाड्याच्या गाडीला मुदत कमी आहे का? नोंदणी केली नाही तर मुदत विक्रीच्या तारखेपासून धरतात की उत्पादनाच्या? पूर्ण डिस्चार्ज, ओव्हरचार्जिंग आणि फुटलेलं आवरण वगळलेलं आहे का? हे वगळलेलं असणारच, असं धरून चाला.

उत्पादनाचा महिना दुकानातच वाचून घ्या. कोड कळत नसेल तर विचारा. सहा महिन्यांहून जुना माल नाकारा, आणि तिथेच मीटर लावून १२.४ पेक्षा कमी दिसलं तरी नाकारा.

दाव्याला गेलात तर बॅटरी लगेच हातात पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते आधी ती चार्ज करतात, मग तपासतात. नुसती उतरलेली निघाली तर भरून परत देतात. त्या काळात गाडीत तात्पुरती बॅटरी मिळेल का, हे खरेदीच्या वेळीच विचारा. कार्डावर शिक्का, तारीख, बॅटरीचा अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर असू द्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि नवी बॅटरी बसली की इंजिन चालू करून चार्जिंगचे व्होल्ट मोजायला लावा, तो आकडा बिलावर लिहून घ्या. पुढे ‘तुमच्या आल्टरनेटरने बॅटरी मारली’ असं कुणी म्हणालं, तर निदान त्या दिवशी चार्जिंग बरोबर होतं हे दाखवायला कागद राहील.