गाडीतली हवा जाते कुठे? तळहाताने शोधा

जुलैचा पाऊस, कशेडी घाट, गाडीत पाच माणसं आणि पायांशी चार ओले रेनकोट. समोरची काच बघता बघता दुधासारखी झाली. "एसी बंद कर, त्यानेच धुरकटतंय," म्हणत सासऱ्यांनी मागून नॅपकिन पुढे केला. मी एसी चालूच ठेवला, तापमानाचा नॉब लाल बाजूला फिरवला आणि हवा काचेवर घेतली. "पावसात हीटर?" म्हणेपर्यंत खालून वर काच उघडत गेली. एसी आणि हीटर एकाच वेळी लावायचे असतात, हे त्यांना पटायला मात्र महाडपर्यंत वेळ लागला.

गोष्ट सोपी आहे. डॅशबोर्डच्या आत एकच पेटी असते आणि एकच ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा. हवा आधी एसीच्या गार कॉइलमधून जाते आणि मग, गरज असेल तर, हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून. त्यात इंजिनाचं गरम कुलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं पाणी, फिरत असतं. गार कॉइलवर हवेतलं पाणी थेंब होऊन गळतं, म्हणजे हवा कोरडी होते. पुढे हीटर तिला ऊब देतो. कोरडी आणि उबदार हवा काचेवरची वाफ झटकन शोषून घेते. गाडीखाली टपकणारं पाणी कॉइलवरचंच, घाबरायचं कारण नाही.

बाकी सगळा खेळ तीन झडपांचा. पहिली झडप हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची, ते ठरवते. बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून येते. दुसरी झडप हवेचा किती भाग हीटरमधून जाईल ते ठरवते. काही जुन्या गाड्यांत त्याऐवजी कुलंटचा नळच उघडतो-मिटतो. तिसऱ्या झडपेकडे, किंवा झडपांच्या जोडीकडे, दिशेचं काम असतं: तोंडावर, पायांवर की काचेवर. साध्या गाड्यांत नॉबला केबल जोडलेली असते, ऑटोमॅटिक गाड्यांत छोट्या मोटरी हेच करतात.

आता आपल्या गाडीत हे नीट चालतंय का, ते तपासू. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून हे करू नका.

इंजिन गरम झालं की ब्लोअर दोनवर ठेवा, एसी बंद, हवा तोंडावर. तळहात मधल्या जाळीसमोर धरा आणि तापमानाचा नॉब निळ्यापासून लालपर्यंत सावकाश फिरवा. हवा हळूहळू गरम व्हायला हवी. काहीच बदल झाला नाही तर झडप अडकलीय, केबल निसटलीय किंवा कुलंट कमी आहे. कुलंट बघायचं असेल तर इंजिन गार झाल्यावरच बघा. गरम असताना झाकण उघडलं तर हात भाजतो.

मग दिशेचा नॉब फिरवा. प्रत्येक खुणेला हात त्या जागी न्या: पायांशी, काचेच्या बुंध्याशी, दारांजवळच्या लहान फटींशी. पायांवर ठेवल्यावरही काचेवर थोडी हवा आली, तर तो बहुतेक गाड्यांत दोष नसतो, मुद्दाम ठेवलेली सोय असते. नॉब फिरतो पण हवा एकाच जागी येते, तर झडप हलत नाहीये. मोटरवाल्या गाडीत डॅशबोर्डमागून टक-टक-टक असा आवाज येत राहिला, तर बहुधा मोटरीच्या प्लास्टिक गिअरचा दात तुटलेला असतो.

शेवटी आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा. ब्लोअर जोरात असेल तर आवाजात फरक पडतो, कारण आता हवा बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या खालून ओढली जाते. तिथे पिशवी कोंबून ठेवली असेल तर गारवा कमी पडणारच.

वारा सगळीकडेच मंद येतोय? एसीचा गॅस भरायला धावू नका, आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो. आमच्या गाडीच्या फिल्टरमधून पिंपळाची वाळलेली पानं आणि एक मोठी गोमाशी निघाली होती. परत बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. आणि ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल, तर बहुधा ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. हा भाग स्वस्त असतो. मेकॅनिकने अख्खा ब्लोअर बदलायचं सुचवलं तर आधी हा तपासायला सांगा.

डाव्या पायपुसणीखाली पाणी साचतंय? कॉइलचं पाणी काढणारी नळी तुंबली असेल. पण ते पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर चढत असेल, तर हीटर गळतोय. ते घरी करायचं काम नाही.

रोजच्या वापराचं थोडं. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर आतली हवा फिरवू नका. आधी काचा उघड्या ठेवून, बाहेरची हवा घेऊन कोंडलेली गरमी घालवा, मगच काचा लावून आतली हवा फिरवा. मागे वेगळ्या जाळ्या नसतील तर मधल्या दोन जाळ्या सीटांमधून छताकडे वळवा. गार हवा वरून मागे जाते आणि आपोआप खाली उतरते, मागचे "इकडे काहीच येत नाही" म्हणायचे थांबतात.

लांबच्या प्रवासात बाहेरची हवा अधूनमधून घ्या, आतलीच फिरली की डोकं जड होतं. मुक्कामाला पोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा. कॉइल बरीचशी सुकते आणि कुबट वास धरत नाही.

पावसाळ्यात एक फरक ओळखावाच लागतो. काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आत आहे: बाहेरची हवा, एसी चालू, तापमान उबदार, हवा काचेवर. रेघ उमटली नाही तर वाफ बाहेर आहे, म्हणजे काच आतून फार गार झालीय. एकदा वायपर मारा, गार हवा काचेवरून काढा आणि तापमान जरा वाढवा. तिथे नॅपकिन कितीही घासला तरी उपयोग नाही.