स्पोर्ट्‌स कारचे टायर निवडताना आणि हवा भरताना

पंपावरचा पोरगा ‘किती टाकू?’ विचारतो, आपण दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा सांगतो आणि मशीनची घंटी वाजली की निघतो. चूक नेमकी इथेच होते. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. पंधरा किलोमीटर पळवून आणलेल्या टायरमधला दाब तोवर ३-४ पीएसआयने चढलेला असतो. अशा गरम टायरमध्ये ३३ भरून घेतले, तर सकाळी गार टायरमध्ये २९-३० निघतात. साध्या हॅचबॅकला ते खपून जातं. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र स्टिअरिंग ढिलं वाटतं, वळणावर टायर कडेवर कलंडतो आणि बाहेरची कड मधल्या भागाच्या आधी झिजते.

पण आधी टायर तर योग्य हवा. उदाहरणादाखल पोर्शे ७१८ केमन एस बघा. पुढे २३५/४० झेडआर १९, मागे २६५/४० झेडआर १९ (आधी मिमीमध्ये रुंदी, मग रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची, शेवटी इंचांत रिम). इंजिन चालकाच्या मागे, त्यामुळे वजन मागच्या चाकांवर जास्त आणि म्हणून मागचे टायर रुंद. ते पुढे-मागे अदलाबदल करता येत नाहीत आणि बहुधा मागचे आधी संपतात. मापानंतर येतात भार आणि वेगाचे निर्देशांक: ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो, आणि ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किमी. दुकानात नेमकं माप नसलं की ‘हेच चालेल’ म्हणून कमी भाराचा टायर पुढे केला जातो. तो अजिबात घेऊ नका. पोर्शेसाठी मंजूर टायरवर ‘एन’ आणि पुढे एक अंक असतो; चारही टायर एकाच कंपनीचे आणि त्याच ‘एन’ अंकाचे ठेवा. पुढे एका जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा टायर असला, तर ओल्या रस्त्यावर दोन्हींची पकड वेगवेगळ्या क्षणी सुटते.

रबराची निवड रस्ता आणि ऋतू बघून करा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एसचा ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा तुलनात्मक आकडा; जास्त म्हणजे जास्त टिकाऊ) ३००, त्याच कंपनीच्या पायलट स्पोर्ट कप २ चा १८०. कप २ कोरड्या ट्रॅकवर अप्रतिम धरतो, पण जुलैत ताम्हिणीत साचलेल्या पाण्यावर त्याची उथळ नक्षी पाणी पुरेसं बाहेर काढू शकत नाही आणि गाडी तरंगते. कोकणात, घाटात पावसाळाभर गाडी चालवणार असाल तर ४ एसच्या वर्गातलाच टायर घ्या. ट्रेडवेअरची तुलना मात्र एकाच कंपनीच्या टायरमध्ये करा, कारण तो आकडा प्रत्येक कंपनी आपापला ठरवते. नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी पावसासाठी ३ मिमी उरले की टायर बदलायला घ्या.

मोठ्या रिमचा मोह आवरा. रिम मोठी की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, बुटकी होते; ती जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा घाव थेट रिमवर बसतो. आतले धागे तुटले की बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. साइडवॉलचं पंक्चरही काढून घेऊ नका. टायर घेताना त्यावरचे तारखेचे चार अंक वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. नवे टायर पहिले २०० किमी सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही.

आता हवा. स्वतःचा डिजिटल गेज घ्या. पंपावरचे गेज दोन-तीन पीएसआय सहज चुकतात. गाडी किमान तीन तास सावलीत उभी असू द्या. उन्हात उभ्या गाडीच्या एका बाजूचे टायर तापून जास्त दाखवतात. स्टिकरवर कमी भार, पूर्ण भार आणि काही गाड्यांत जास्त वेगासाठी वेगळे आकडे असतात, पुढचे-मागचेही वेगळे. समृद्धीवर सामानासकट लांब जायचं असेल तर पूर्ण भाराचा आकडा धरा. पंप लांब असेल तर घरीच थंड मोजून कमी किती आहे ते लिहून घ्या. २ पीएसआय कमी असेल तर पंपावर गेल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजा आणि तिथे दिसेल त्याच्यावर २ भरा. व्हॉल्व्हची टोपी घट्ट लावा.

हवेचं तापमान सुमारे ६ अंशांनी बदललं की दाब १ पीएसआयने बदलतो. म्हणून मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी दिसते. नायट्रोजनने हे गणित बदलत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ट्रॅकवर हिशेब उलटा, तिथे गरम दाब महत्त्वाचा. टायर कंपनीने दिलेला गरम आकडा पकडा आणि सुरुवात त्याहून ४-६ पीएसआय खाली करा, पण कंपनीच्या किमान थंड दाबाखाली कधीच नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) येताच, टायर निवायच्या आत मोजा आणि जास्तीची हवा सोडून गरम आकड्यावर आणा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, त्यामुळे डाव्या बाजूचे टायर जास्त तापतात. तिथली हवा जास्त सोडावी लागेल आणि थंड झाल्यावर डावे उजव्यांपेक्षा कमी दिसतील. तापमापक असेल तर आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गरम म्हणजे कमी. तापमापक नसेल तर टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूची रेघ ओढा: ती साइडवॉलपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे. एका वेळी एकाच जोडीत (पुढच्या किंवा मागच्या) १ पीएसआयचा बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही.

संध्याकाळी घरी निघण्याआधी टायर पूर्ण गार होऊ द्या आणि सोडलेली हवा चारही चाकांत स्टिकरच्या आकड्यापर्यंत परत भरा. डावी-उजवी बाजू आता सारखी हवी.