पाण्यातलं कासव पाळायचंय? आधी त्याला वाळायला जागा द्या

दुकानात मिळतं ते नाण्याएवढं हिरवं पिल्लू, डोळ्यामागे तांबडा पट्टा. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. सोबत प्लास्टिकची बशी, मधे खोटं नारळाचं झाड. ती बशी दुकानातच ठेवून या. वास्तूसाठी पितळी कासव ताटलीत ठेवतात ते ठीक, जिवंताला ताटली पुरत नाही. मादीची पाठ फूटभर होते आणि आयुष्य वीस-तीस वर्षं सहज. मुलगा शिकायला पुण्याला गेला की कासव आईच्याच गळ्यात पडतं, आमच्याकडे तसंच झालंय.

हिशेब सोपा धरा: पाठीच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी. मोठ्या कासवाला काचेची टाकी महागात जाते, मोठा प्लास्टिकचा टब बरा. पाणी त्याला पोहता येईल इतकं खोल हवं. एका बाजूला विटा रचून वर शहाबादी फरशीचा तुकडा तिरका टेकवा, म्हणजे ते चढून पूर्ण कोरडं होईल. सतत ओलं राहिलं तर कवच सडतं.

आणि ऊन. कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व, आणि त्यासाठी अतिनील किरण. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत, त्यामुळे काचेआडचं ऊन फक्त उबेपुरतं. सकाळचं ऊन थेट गच्चीत द्या, वर जाळी टाका, कारण कावळे आणि घारी टपलेल्या असतात. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर अतिनील किरण देणारा युव्हीबी दिवा घ्या. तो पेटत राहतो पण किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाच्या आत बदला. एप्रिल-मे मध्ये सांगलीचं ऊन चाळिशीला जातं. तेव्हा अर्ध्या टबावर सावली हवीच, नाहीतर पाणी तापून जीव जाईल. थंडीत उलट: पाणी २४ ते २८ अंश ठेवा. फार गार झालं की ते खाणं सोडतं. हीटरला प्लास्टिकचं आवरण घाला, कासव धडका देऊन हीटरची काच फोडतं.

खाणं. पिल्लाला रोज, मोठ्याला एक-दोन दिवसाआड. एका वेळी त्याच्या डोक्याएवढंच. ते काचेशी येऊन पाय मारतं, जन्माचं उपाशी असल्यासारखं. भुलायचं नाही. कासवाचे पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, हा पाया, सोबत अधूनमधून गांडूळ किंवा बिनमिठाची छोटी ताजी मासळी, काट्यासकट. दुकानातली सुकी कोळंबी ही चैन आहे, जेवण नव्हे. मोठं होईल तसा पाला वाढवा: शेवग्याची कोवळी पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून टाकतं. भात, चपाती, दूध, फरसाण कुणी प्रेमाने दिलं तरी अडवा. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन, म्हणजे माकूळ माशाचं कॅल्शियमचं हाड, पाण्यात सोडा, ते कुरतडत बसतं. पाण्याबाहेर घास गिळता येत नाही, तेव्हा खायला वेगळ्या घमेल्यात पाणी घेऊन बसवा. मुख्य पाणी कमी घाण होतं, फिल्टरलाही दम मिळतो. तरी दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचंच.

कृष्णेत सापडलेलं कासव मात्र घरी आणू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. आणि कंटाळा आला म्हणून हे परदेशी कासव घाटावर सोडू नका, इथल्या कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं. कृष्णेचे २०१९ आणि २०२१चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात टब तळमजल्यावर ठेवू नका.

डोळे सुजले, नाकातून फुगे आले किंवा एका बाजूला कलून पोहायला लागलं तर घरगुती औषध न करता पशुवैद्य गाठा. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हात लावल्यावर साबणाने धुवा, पोट बिघडवणारे साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि घमेलं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका.