वाशी खाडीचा सीन: पूल झाला, आता शेवटचे बारकावे

मॉडेल रेल्वेचा ट्रॅक टाकला, पूल उभा राहिला की लगेच गाडी पळवू नका, खरी मजा आता आहे. आधी खांब घ्या, भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर काळपट हिरवा, त्याच्यावर कोरड्या ब्रशने पांढुरका हात मारा, शिंपल्यांचा थर दिसतो. ओहोटीचा चिखल मॅटच ठेवा, ग्लॉस वार्निश फक्त ओल्या चरांमध्ये.

तिवरं लावताय तर मुळं विसरू नका हां, टूथब्रशचे केस २-३ मिमी कापून झाडाभोवती उभे चिकटवा, एवढ्यानेच खाडी आपली वाटायला लागते. होडीत जाळं म्हणून जुन्या हेअरनेटचा तुकडा. फ्लेमिंगो एचओ स्केलला (म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापात) जेमतेम १ सेंमी, माना खाली घातलेले, घोळक्याने, चिखलातच.