विंडोजवर डॉकर चालवताय? या चुका टाळा

ऑफिस ऐरोलीला किंवा महापेला, पण काम घोडबंदरच्या घरातल्या डेस्कटॉपवर. वर विंडोज, खाली डब्ल्यूएसएल-२, त्यात डॉकर, म्हणजे ॲप 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन. हे डब्ल्यूएसएल-२ म्हणजे खरं लिनक्स कर्नल (गाभा) असलेलं छोटं व्हर्च्युअल मशीन. निम्मी लफडी हे दुसरं मशीन विसरल्याने होतात.

सगळ्यात महाग चूक म्हणजे प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून कंटेनरला जोडणं. लिनक्सला मग प्रत्येक फाइलसाठी विंडोजच्या हद्दीत जावं लागतं. नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) पॅकेजेस इन्स्टॉल करायला घेतलीत, तर चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. वर फाइल बदलल्याची खबर कंटेनरपर्यंत पोचत नाही, हॉट रीलोड (कोड बदलताच ॲप आपोआप ताजं होणं) गप्प बसतो आणि आपण कोडमधली नसलेली चूक शोधत राहतो. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करा. व्हीएस कोड हा एडिटर तिथलंही उघडतो. विंडोजच्या गिटने शेल स्क्रिप्टमध्ये सीआरएलएफ (ओळ संपल्याची विंडोजची खूण) घुसवलं असेल, तर तेही लिनक्समध्ये नव्याने क्लोन केल्याने निस्तरतं. नाहीतर फाइल डोळ्यांसमोर असताना कंटेनर 'नो सच फाइल' म्हणतो.

घणसोलीच्या एका ज्युनियरचा फोन ठरलेला: "दादा, पोस्टग्रेस चालू आहे, पण ॲप कनेक्टच होत नाही."

"होस्ट काय टाकलायस?"

"लोकलहोस्ट."

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर एकत्र चालवायचे त्या यादीत) पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हिसला 'डीबी' नाव दिलंय ना? मग होस्टही 'डीबी'. याचीच उलटी बाजू: पोर्ट मॅप करूनही (कंटेनरचा पोर्ट विंडोजला जोडूनही) ब्राउझरमध्ये काही दिसत नसेल, तर बहुधा ॲप आत १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त स्वतःपुरतं ऐकतंय, ते ०.०.०.० (सगळ्या पत्त्यांवर) करा.

कंटेनर १३७ कोड देऊन मेला तर आधी मेमरी बघा. डब्ल्यूएसएल सहसा मशीनची निम्मीच रॅम घेतं. डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा बदलता येते. ८ जीबीच्या मशीनवर मात्र फार आशा नको. क्रोम आहेच.

कंटेनर बंद करणाऱ्या 'कंपोज डाउन'ला कुठूनतरी कॉपी केलेला 'व्ही' हा पर्याय लावू नका. व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) जातो, म्हणजे डेटाबेस जातो, आणि डॉकर एका शब्दाने विचारत नाही.

'सिस्टिम प्रून' (डॉकरचा नको असलेला पसारा काढणं) केल्यावरही सी ड्राइव्ह लालच, म्हणजे भरलेलाच? व्हर्च्युअल डिस्कची फाइल फुगते, पण सहसा आपणहून आटत नाही. बॅकअप घ्या, डॉकर डेस्कटॉप बंद करा, डब्ल्यूएसएल शटडाउन करा आणि विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात ती फाइल निवडून 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क' चालवा.