निम्मेच स्प्राइट का निघत होते?

अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३.० या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेत एका कंटेनरमधील (इतर वस्तू सामावणाऱ्या वस्तूमधील) १० स्प्राइट (पडद्यावर दिसणाऱ्या वस्तू) काढून टाकण्यासाठी मी शून्यापासून चाइल्डच्या (म्हणजे आतल्या वस्तूंच्या) संख्येपर्यंत जाणारे लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहिले होते. परंतु दर वेळी ५ निघत आणि ५ पडद्यावर तसेच राहत. एक चाइल्ड काढताच त्याच्या पुढच्या सर्वांचा क्रमांक एकाने खाली येतो आणि एकूण संख्याही घटते, त्यामुळे वाढत्या क्रमांकाच्या लूपमधून एकाआड एक स्प्राइट निसटत होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. लूप शेवटच्या क्रमांकापासून उलटे फिरवल्यावर कंटेनर रिकामा झाला. तरीही हालचालीचा कोड चालूच होता, कारण (हे मला खरोखरच विचित्र वाटले) पडद्यावरून काढलेल्या स्प्राइटलाही एंटर फ्रेम इव्हेंट (प्रत्येक फ्रेमला येणारी सूचना) मिळत राहतो. म्हणून आता मी आधी लिसनर (ती सूचना ऐकणारा कोड) काढतो आणि मगच स्प्राइट.